राखण खाडीची : कांदळवन कक्षाची वाटचाल

महाराष्ट्राच्या वनखात्याने २०१२ साली एक वेगळा कक्ष सुरू केला. त्याच्याकडे सोपवलेले रान दिवसातून दोनदा खाऱ्या पाण्यात बुडते. डहाणूपासून तेरेखोलपर्यंतच्या खाड्यांमध्ये उभी असलेली तिवर, चिप्पी आणि कांदळ यांची झाडे राखणे, तोडणाऱ्यांवर आणि भराव टाकणाऱ्यांवर गुन्हे दाखल करणे, उजाड झालेल्या जागी पुन्हा रान उभे करणे, ही कामे या कांदळवन कक्षाकडे आली. सरकारी खात्यात नवे कक्ष येतात आणि फायलींत विरूनही जातात. हा कक्ष टिकला आणि त्याच्या कामाचा ठसा किनाऱ्यावर दिसतो. कागदावरचा कायदा चिखलात उतरून कसा राबवावा लागतो, हे त्याच्या वाटचालीतून नीट समजते.

कायदे होते, राखणदार नव्हता

तिवरांना कायद्याचे संरक्षण २०१२ साली मिळाले असे नाही. भारतीय वन अधिनियम १९२७ चा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. फेब्रुवारी १९९१ मध्ये किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची अधिसूचना निघाली आणि कांदळवने सर्वांत कडक संरक्षणाच्या पहिल्या वर्गात गेली. तरीही पुढची कित्येक वर्षे मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईच्या खाड्यांत राडारोड्याचे डंपर रिकामे होतच राहिले.

याचे मूळ जमिनीच्या नोंदींत होते. बहुतेक तिवरांची जमीन वनखात्याच्या ताब्यात नव्हती. कुठे ती महसूल खात्याची, कुठे मिठागराची, कुठे नियोजन प्राधिकरणाची, तर कुठे खासगी मालकीची खाजण जमीन. वनरक्षकाने हटकावे, तर जागा त्याच्या हद्दीत नाही. तलाठ्याने पंचनामा करावा, तर झाडे त्याच्या अखत्यारीत नाहीत. पोलिसांकडे जावे, तर तक्रारदार कोण हाच प्रश्न. या गोंधळाचा फायदा घेणाऱ्यांनी एक सोपी रीत शोधली. कुऱ्हाड लावायचीच नाही. रातोरात मातीचा बांध घालून भरतीचे पाणी अडवायचे. काही महिन्यांत झाडे जागेवर सुकतात आणि मग ती जमीन पडीक म्हणून दाखवता येते.

न्यायालयाचा आदेश

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला आणि मुंबई बुडाली. मिठी नदीचे पात्र आणि खाडीकाठ बुजवल्याची किंमत शहराला त्या दिवशी कळली. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप या संस्थेची तिवरांच्या कत्तलीविरुद्धची याचिका त्याआधीच मुंबई उच्च न्यायालयात दाखल होती. ६ ऑक्टोबर २००५ रोजी न्यायालयाने त्यावर अंतरिम आदेश दिला. तिवरांची तोड बंद, त्यांच्यावर भराव आणि कचरा टाकणे बंद, तिवरांपासून ५० मीटरच्या आत बांधकाम बंद.

या बंदीइतकाच महत्त्वाचा होता आदेशाचा दुसरा भाग. उपग्रहाच्या आधारे तिवरांचे नकाशे करा, सरकारी जमिनीवरची कांदळवने संरक्षित वन म्हणून जाहीर करा आणि ती वनखात्याच्या ताब्यात द्या, असे न्यायालयाने सांगितले. झाड वाचवायचे तर आधी त्याच्या पायाखालच्या जमिनीचा राखणदार ठरवावा लागतो, हे या आदेशाने ओळखले होते. नकाशे, मोजणी, अधिसूचना आणि ताबा या कामांत बरीच वर्षे गेली. ज्या जमिनी वनखात्याकडे आल्या, त्या सांभाळायला स्वतंत्र मनुष्यबळ हवे, या गरजेतून पुढे कांदळवन कक्ष उभा राहिला.

चिखलातली गस्त

कक्षाचे पहिले प्रमुख वनाधिकारी एन. वासुदेवन. त्यांच्या काळात कामाची घडी बसली. मुंबईसाठी स्वतंत्र कांदळवन संधारण घटक तयार झाला, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांपासून वनरक्षकांपर्यंतची फळी मिळाली आणि जोडीला महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाचे जवान गस्तीवर आले.

ही गस्त डोंगरातल्या गस्तीपेक्षा वेगळी. ओहोटीला गुडघाभर चिखल, भरतीला बोट. वाघाच्या जंगलात माणसाची चाहूल लागली की संशय घेता येतो. इथे मात्र चहूबाजूंनी वस्ती, रस्ते आणि हजारो माणसांची ये-जा. गुन्हा बहुधा रात्री घडतो, आणि सकाळी दिसतो तो फक्त मातीचा ढीग. म्हणून डंपर जागेवर पकडणे, वाहन जप्त करणे, जीपीएसने ठिकाण नोंदवणे आणि जुन्या उपग्रहचित्रांशी ताडून तिथे पूर्वी तिवरे होती हे सिद्ध करणे, ही या वनगुन्ह्यांच्या तपासाची पद्धत झाली. महसूल, पोलीस, महापालिका यांना एकत्र घेऊन अतिक्रमणे हटवावी लागली.

जागा मोकळी झाल्यावरचे काम झाडांच्या स्वभावाशी जुळवून घेण्याचे. भराव उपसला, अडवलेल्या ओढ्यांची तोंडे उघडली आणि भरतीचे पाणी पूर्वीसारखे खेळू लागले, की पुष्कळदा तिवर आपोआप परत येते. कांदळाचे बी तर झाडावर असतानाच रुजते आणि लांब शेंगेसारखे लोंबू लागते. पाण्याबरोबर वाहत जाऊन चिखलात मूळ धरले की त्याला पालवी फुटते. जिथे हे होत नाही, तिथे रोपवाटिकेतली रोपे लावली गेली.

भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०१३ च्या अहवालात राज्यातील कांदळवनांचे क्षेत्र १८६ चौरस किलोमीटर होते. २०२१ च्या अहवालात ते ३२४ झाले. मोजणी अधिक बारकाईने होऊ लागल्याचा त्यात वाटा धरला, तरी शहरांच्या रेट्यात हे रान आकसले नाही, हे मोठेच यश आहे.

खाडीतले आणि समुद्रातले जीव

ऑगस्ट २०१५ मध्ये ठाणे खाडीचा पश्चिम काठ फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. सुमारे १६९० हेक्टरचे हे अभयारण्य दरवर्षी हजारो रोहित पक्ष्यांना आसरा देते. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जाही मिळाला. त्याआधी २०१७ मध्ये ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्र उघडले आणि शहरातली मुले होडीतून रोहित पाहू लागली. २०२० मध्ये पांढरी चिप्पी ही राज्याचा कांदळवन वृक्ष ठरली.

समुद्रात मात्र वन्यजीव कायद्याची अंमलबजावणी फार अवघड. व्हेल शार्क २००१ पासून वाघाइतकाच, म्हणजे पहिल्या अनुसूचीत संरक्षित आहे. समुद्री कासवांनाही तोच दर्जा. पण खोल पाण्यात जाळ्यात अडकलेला व्हेल शार्क सोडायचा तर जाळे कापावे लागते, आणि जाळे म्हणजे कोळ्याचे भांडवल. तिथे पाहणारा शिपाई नसतो. डिसेंबर २०१८ मध्ये राज्याने निर्णय घेतला, की संरक्षित जीव सोडण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यायची. पुराव्यादाखल त्याने सुटकेची छायाचित्रे किंवा चित्रफीत द्यायची. तेव्हापासून कोकण किनाऱ्यावरच्या अनेक नौकांनी कासवे, डॉल्फिन आणि व्हेल शार्क जिवंत सोडले आहेत. खटल्याच्या धाकाने जे साधले नसते, ते कोळ्याचे नुकसान मान्य केल्याने साधले.

काठावरची माणसे

हेच सूत्र कक्षाने खाडीकाठच्या गावांत वापरले. २०१५ मध्ये कक्षाला जोडून कांदळवन प्रतिष्ठान स्थापन झाले. २०१७ पासून कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना सुरू झाली. गावोगावी सहव्यवस्थापन समित्या झाल्या. खेकडापालन, कालवे आणि शिणाण्यांची शेती, पिंजऱ्यातील मत्स्यपालन, शोभिवंत मासे यांना अनुदान मिळू लागले. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वयंसाहाय्यता गटातल्या महिला होडीने पाहुण्यांना तिवरांतून फिरवतात. चिंबोरी, निवटी आणि जिताडा तिवरांच्या मुळांतच वाढतात, हे कोळणींना कुणी शिकवावे लागत नाही. रान राहिले तर आपली कमाईही राहील, याची हमी मात्र त्यांना हवी होती.

शेतकऱ्यांच्या बाबतीत असे समाधान अजून सापडलेले नाही. रायगडात, विशेषतः पेण आणि अलिबागच्या खारेपाटात, पिढ्यान् पिढ्या बांध घालून भातशेती होत आली. त्यासाठी १९७९ चा खारभूमी विकास कायदाही आहे. बांधांची देखभाल वेळेवर झाली नाही की उधाणाचे पाणी आत घुसते. शेते खारी होतात आणि काही वर्षांत तिथे तिवरे उगवतात. मग तीच तिवरे संरक्षित ठरतात आणि आपल्याच जमिनीवर शेतकऱ्याचे हात बांधले जातात. बांध सांभाळण्यात कसूर एकाची आणि भोग दुसऱ्याच्या वाट्याला, हा अन्याय आहे. समुद्रातल्या जाळ्याची भरपाई देणाऱ्या राज्याने बुडालेल्या भातखाचराचीही भरपाई दिली पाहिजे.

उरलेली वाट

१७ सप्टेंबर २०१८ रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती रियाझ छागला यांच्या खंडपीठाने २००४ च्या मूळ याचिकेचा अंतिम निकाल दिला. तिवरांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावर घाला आहे, असे त्यांनी ठरवले. सार्वजनिक हिताच्या प्रकल्पासाठी तोड करायची, तर उच्च न्यायालयाची परवानगी बंधनकारक झाली. देखरेखीसाठी कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली.

परवानग्या त्यानंतरही मागितल्या जातात आणि मिळतातही. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी डिसेंबर २०२२ मध्ये सुमारे २२ हजार तिवरे तोडायला न्यायालयाने मुभा दिली. आधी मागितलेला आकडा याच्या दुपटीहून अधिक होता. परवानगीची अट नसती, तर तो कमी करण्याचे कष्ट कुणी घेतले नसते. बदल्यात लावलेली रोपे मात्र जगली की नाही, हे दहा वर्षांनीही कुणीतरी मोजले पाहिजे. ते मोजणे कक्षाचे काम, आणि त्याचा हिशेब मागणे आपले.

आजही अनेक शासकीय संस्थांच्या ताब्यातील तिवरांची जमीन वनखात्याकडे यायची आहे. विस्तीर्ण किनाऱ्याच्या मानाने माणसे तुटपुंजी आहेत आणि बहुतेक खटले रेंगाळतात. कक्षाने आजवर जे मिळवले, ते तीन ठिकाणी मिळवले : जिथे ताबा आला, जिथे गस्तीला माणूस मिळाला आणि जिथे काठावरचा गाव बरोबर आला. म्हणून नव्या कायद्याची वाट न पाहता राहिलेले ताबे पूर्ण करावेत, वनरक्षकांची पदे भरावीत आणि खारेपाटातल्या शेतकऱ्याला त्याच्या नुकसानीचे दाम द्यावेत. खाडी राखण्याचे काम यापुढे याच तीन गोष्टींवर उभे राहणार आहे.