ओल, उष्मा आणि कपॅसिटर: सातारा-सांगलीतल्या जुन्या संगणकांच्या दुरुस्तीविषयी

१९८४ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ‘क्लास’ हा शालेय संगणक-साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला आणि ब्रिटनमधल्या एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो देशातल्या सुमारे अडीचशे शाळांत दाखल झाला. पुढे शाळांची संख्या वाढत गेली. त्याच दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने सिंक्लेअरच्या झेडएक्स स्पेक्ट्रमची देशी आवृत्ती ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने बाजारात आणली. घरचाच टीव्ही आणि कॅसेट रेकॉर्डर जोडला की संगणक तयार. बेसिक भाषेतला पहिला प्रोग्रॅम अनेकांनी अशाच यंत्रांवर लिहिला. आज ती यंत्रे माळ्यावर, प्रयोगशाळेच्या कपाटात, नाहीतर भंगाराच्या वाटेवर आहेत.

त्यांना बंद पाडणारा भाग पुष्कळदा अगदी छोटा असतो. प्रोसेसर शाबूत, कीबोर्ड शाबूत आणि काही रुपयांचा कपॅसिटर गेलेला, हे दुरुस्ती करणाऱ्याला वारंवार दिसते. हे पुस्तक त्या कपॅसिटरविषयी आहे, आणि ते सातारा व सांगली जिल्ह्यांतल्या वाचकाला समोर ठेवून लिहिले आहे. त्याला कारण आहे. कपॅसिटर कसा मरतो हे जितके त्याच्या घडणीवर ठरते, तितकेच तो कोणत्या हवेत राहिला यावरही ठरते. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. माण, आटपाडी, जत या तालुक्यांत तो पाचशेच्या आसपास असतो. शंभर-दीडशे किलोमीटरांत पावसात दहापट फरक पडणारा हा प्रदेश या विषयाच्या अभ्यासकाला आयती प्रयोगशाळा आहे.

आधी घडण पाहू. १७४५-४६ मध्ये फॉन क्लाइस्ट आणि लायडनचे मुसेनब्रुक यांनी स्वतंत्रपणे काचेच्या बरणीत विद्युतभार साठवला. दोन वाहक आणि त्यांच्यामध्ये विद्युतरोधक, ही त्या बरणीची रचना आजही कायम आहे. बदलला आहे तो रोधक पदार्थ, आणि प्रत्येक पदार्थाचे दुखणे वेगळे आहे. जुन्या संगणकात आपली गाठ मुख्यतः तीन प्रकारांशी पडते.

पहिला इलेक्ट्रोलायटिक. यात ॲल्युमिनियमच्या पातळ पट्टीवर ऑक्साइडचा थर चढवलेला असतो. त्याची जाडी एका व्होल्टमागे जेमतेम दीड नॅनोमीटर. हा थर टिकवण्याचे काम आतला द्रव करतो आणि द्रव आत राखण्याचे काम तळाचे रबरी बूच. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद वर्षानुवर्षे टिकत असे ती जमीन कोरडी आणि पेवाचे तोंड बंद असे तोवर. २००५च्या पुराचे पाणी शिरले आणि पेवे खचली. इलेक्ट्रोलायटिकचेही आयुष्य असेच त्याच्या तोंडावर अवलंबून असते. बूच कडक झाले की द्रव उडून जातो, धारकता घटते आणि अंतर्गत रोध, म्हणजे ईएसआर, वाढतो. द्रव बोर्डावर उतरला तर तांब्याच्या रेघा खातो. १९८०च्या दशकाअखेरीपासून आलेल्या छोट्या, बोर्डाच्या पृष्ठभागावर बसणाऱ्या कपॅसिटरांत हा दोष जगभर दिसला. ॲपलचे मॅकिंटॉश एसई/३० आणि कमोडोरचे अमिगा ६०० व १२०० त्यासाठी कुप्रसिद्ध आहेत.

दुसरा टँटलम. हा थेंबासारखा दिसणारा, सहसा पिवळा किंवा निळा भाग आयबीएम पीसी-एक्सटी आणि तिच्या नकलांच्या बोर्डांवर असतो. तो वाळत नाही. तो अचानक शॉर्ट होतो, कधी धूर आणि ठिणगीसह. यंत्र चालू करताच पॉवर सप्लाय स्वतःला बंद करून घेत असेल, तर पहिला संशय याच्यावर घ्यावा.

तिसरा कागदी फिल्टर कपॅसिटर. बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमध्ये वीज आत येते तिथेच रिफा बनावटीचा पारदर्शक पिवळसर ठोकळा असतो. धातूचा मुलामा दिलेला कागद आणि वर इपॉक्सीचे कवच, अशी त्याची रचना. वर्षानुवर्षांनी कवचाला बारीक तडे जातात, तड्यांतून ओल कागदात मुरते, आणि एके दिवशी बटण दाबल्यावर काही मिनिटांत तो फुटतो. खोलीभर धूर आणि उग्र वास पसरतो. घाबरून यंत्र टाकून देऊ नये. हा भाग विजेतला गोंगाट गाळण्यासाठी असतो, त्यामुळे तो गेल्यावरही संगणक बहुधा धड राहतो.

आता हवेकडे वळू. इलेक्ट्रोलायटिकवर ८५ किंवा १०५ अंश सेल्सिअस असा आकडा छापलेला असतो. समजा, ८५ अंशांवर त्याचे आयुष्य २००० तास आहे. ढोबळ नियम असा, की तापमान दर दहा अंशांनी उतरले की आयुष्य दुप्पट होते. म्हणजे ४५ अंशांवर ३२,००० तास, पण ६५ अंशांवर केवळ ८०००. स्पेक्ट्रमच्या बंद पेटीत ७८०५ रेग्युलेटर आणि त्याचा तापणारा पत्रा यांच्या शेजारी बसलेला कपॅसिटर आणि कीबोर्डच्या दुसऱ्या टोकाचा कपॅसिटर यांचे वय म्हणूनच सारखे नसते. शाळेतले यंत्र मात्र दिवसाला तास-दोन तासच चालले. त्याचे नुकसान चालण्याने कमी आणि पडून राहण्याने जास्त झाले: माणदेशातल्या पत्र्याच्या छपराखालच्या उन्हाळ्यांनी, किंवा जावळी-पाटणच्या चार महिन्यांच्या ओलीने. पहिल्या ठिकाणी इलेक्ट्रोलायटिक आधी संशयित, दुसऱ्या ठिकाणी कागदी कपॅसिटर आणि गंजलेले सॉकेट. स्क्रू काढण्याआधी ‘हे यंत्र कुठे होते?’ असे विचारणे ही निदानाची पहिली पायरी आहे, आणि या पुस्तकाचे मुख्य म्हणणेही तेच आहे.

सांगलीकरांना आणखी एक प्रकरण टाळता येत नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. २००५ आणि २०२१ मध्येही शहरात पाणी होते. पुरात बुडालेले यंत्र वाळले म्हणून लगेच लावून पाहू नये. गाळात क्षार असतात आणि ते वीज वाहतात. बोर्ड सुटा करून स्वच्छ पाण्याने, मग डिस्टिल्ड पाण्याने, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावा आणि कित्येक दिवस वाळवावा. पाण्याखाली गेलेल्या इलेक्ट्रोलायटिकांवर आणि ट्रान्स्फॉर्मरवर विसंबू नये.

या क्षेत्रात एक जुना वाद आहे. काहीजण सगळेच कपॅसिटर सरसकट बदलतात. काहीजण मोजून, वाईट ठरलेलाच बदलतात. माझे मत दुसऱ्या बाजूचे आहे, दोन अपवादांसह: विजेच्या वाटेवरचा कागदी फिल्टर आणि गळू लागलेला कोणताही कपॅसिटर न मोजता काढावा. बाकीच्यांबाबत घाई नडते. तीस-चाळीस वर्षांच्या बोर्डावर जास्त वेळ उष्णता दिली की तांब्याची रेघ उचकटते, आणि ते नुकसान कपॅसिटरच्या दोषाहून मोठे असते. शिवाय दोष भलतीकडेच असू शकतो. स्पेक्ट्रमच्या ४११६ जातीच्या मेमरी चिपना +५, +१२ आणि −५ असे तीन व्होल्टेज लागतात. त्यांतला −५ नाहीसा झाला तर मेमरी मरते. अशा वेळी हे तिन्ही आकडे न तपासता कपॅसिटर बदलत बसणे व्यर्थ आहे. काढलेला मूळ भाग पाकिटात घालून, वर तारीख टाकून, यंत्रासोबतच ठेवावा. पुढच्या अभ्यासकाला तो पुरावा आहे.

सुरक्षिततेबाबत मात्र मतभेदाला जागा नाही. २३० व्होल्टची वीज रेक्टिफायरमधून गेली की मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि पिन काढल्यानंतरही राहू शकतात. ते योग्य रोधातून उतरवावेत, मीटरने खात्री करावी, मगच हात घालावा. विजेच्या वाटेवरच्या जागी एक्स-२ प्रमाणित कपॅसिटरच बसवावा. ४०० व्होल्ट डीसी लिहिलेला साधा भाग तिथे चालत नाही, कारण एक्स-२ची घडण बिघडतानाही आग लागू नये अशी असते. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा वीज देताना आपल्या वायरमनचा जुना सिरीज बल्ब वापरावा. शॉर्ट असेल तर बल्ब पेटेल आणि यंत्र वाचेल.

नव्या माणसाला या क्षेत्रात यायला फार काही लागत नाही. सोल्डरिंग आयर्न, डिसोल्डर पंप, मल्टिमीटर आणि ईएसआर दाखवणारा एखादा स्वस्त टेस्टर एवढ्यावर सुरुवात होते. भाग पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात. घेताना तारखेचा संकेत पाहावा आणि १०५ अंशांचाच घ्यावा. डाग देण्याचा सराव आधी टाकाऊ रेडिओच्या बोर्डावर करावा. किर्लोस्करवाडीत १९१० पासून कारखाना चालवणाऱ्या, सांगलीत १९४७ पासून अभियंते घडवणाऱ्या या मुलखाला यंत्र उघडून पाहण्याची सवय नव्याने लावायची नाही. रेडिओ-टीव्हीची दुरुस्ती केलेले जुने कारागीर आपल्या गावात अजून आहेत. त्यांच्या शेजारी बसून शिकलेले कोणत्याही पुस्तकापेक्षा खोलवर रुजते, या पुस्तकापेक्षाही.

पुढचे काम वाचकांचे आहे. एकाच जातीचे यंत्र पाटणला आणि जतला वेगवेगळ्या प्रकारे जुने होते, हा माझा तर्क पदार्थांच्या गुणधर्मांवर उभा आहे. तो पारखायचा तर नोंदी हव्यात. प्रत्येक यंत्रासाठी बोर्डाचा क्रमांक, ते राहिलेले गाव आणि खोली, प्रत्येक कपॅसिटरची बनावट व छापील मूल्य, काढण्याआधी आणि बदलल्यानंतर मोजलेली धारकता व ईएसआर, एवढे लिहावे. पुस्तकाच्या शेवटी त्यासाठी कोरा तक्ता दिला आहे. यंत्र सुरू झाले तर आनंद आहेच. नाही झाले तरी तक्ता भरावा. कोणत्या हवेत कोणता भाग आधी जातो हे या तक्त्यांवरून कळेल, आणि शाळांच्या कपाटांत अजून न उघडलेली यंत्रे त्यामुळे वेळेत वाचवता येतील.