बर्लिनहून पुण्याला: इरावतीबाईंचं परतणं



सुट्टीत भारतात जाऊन आलो की जर्मनीतल्या आपल्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो. कायमचं परत गेलो तर जमेल का? मग यादी सुरू होते: मुलांची शाळा, नोकरी, घर, आईवडिलांची तब्येत. मी पडलो आयटी कन्सल्टंट, त्यामुळे माझी यादी थेट एक्सेलमध्ये! आज अशा यादीत सहसा न येणाऱ्या एका मुद्द्याबद्दल बोलू, इरावती कर्वे यांच्या निमित्तानं.

1920च्या दशकाच्या अखेरीस इरावतीबाई बर्लिनला आल्या. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या अण्णांनाही सुनेचं परदेशी जाणं पटलं नव्हतं. पती दिनकर मात्र पाठीशी होते. ते स्वतः जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आले होते. डाहलेममधल्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक. विषय होता मानवी कवटीच्या दोन बाजूंमधला फरक. फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारे. पण या फरकाचा वंशाशी संबंध इरावतीबाईंच्या मोजमापांत दिसला नाही, आणि त्यांनी तसंच लिहिलं. 1930 मध्ये डॉक्टरेट मिळाली.

परतल्यावर काय झालं? 1931 ते 1936 त्यांनी महिला विद्यापीठाच्या कारभारात काम केलं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात समाजशास्त्र शिकवण्याची जागा मिळाली ती 1939 मध्ये. म्हणजे पदवीनंतर नऊ वर्षांनी!

बर्लिननं त्यांना मोजायला शिकवलं होतं आणि ते त्यांनी इथंही चालू ठेवलं. पण कोणाचं लग्न कोणाशी होतं, हे कवटी सांगत नाही. त्यासाठी माणसांत जाऊन नाती विचारावी लागतात. जर्मनमध्ये आत्या, मावशी, काकू, मामी या सगळ्यांना एकच शब्द, 'टान्टं'. आपल्याकडे प्रत्येकीला वेगळा, कारण प्रत्येकीचा मान आणि हक्क वेगळा. मामाच्या मुलीशी लग्न दक्षिणेत चालतं, उत्तरेत चालत नाही, महाराष्ट्रात काही जातींत चालतं. भारतभरच्या अशा नातेसंबंधांवरचा त्यांचा ग्रंथ 1953 मध्ये आला.

पंढरीच्या वारीत त्या चालल्या आणि 'वाटचाल' हा लेख लिहिला. एकाच विठ्ठलाचं नाव घेणारी माणसं जेवायला जातीप्रमाणे वेगळी बसतात, हे पाहून त्यांना दुःख झालं. घर आपलं म्हणून त्यांनी ते झाकलं नाही. बर्लिनमध्येही दिसलं तेच लिहिलं होतं, इथंही तेच.

मंडळी, आपण परत जातो तेव्हा गाव तेच असेल आणि आपली जागा राखून ठेवलेली असेल, असं धरून चालतो. इरावतीबाईंनी स्वतःचा मुलूख नव्यानं शिकायला घेतला आणि त्याला वर्षं दिली. तेव्हा आपल्या यादीत आणखी एक ओळ घालूया: तिथं मला नव्यानं काय शिकायचंय, आणि त्यासाठी मी किती वर्षं देणार?

घरी बोलून बघा. भेटूया पुढच्या भागात. नमस्कार!