नोंदवहीतील पाखरे

फाल्गुन उतरणीला लागला की आमच्या वर्ध्याकडे सुखाची म्हणावी अशी एकच वेळ उरते, ती पहाटेची. नऊच्या सुमारास उन्हाला धार चढते आणि मग माणसे व पाखरे दोघेही सावली धरतात. म्हणून पाखरे पाहायची असतील तर अंधारातच घर सोडावे लागते. गेली काही वर्षे मी शाळेतली पाच-सात मुले घेऊन रविवारी असा निघतो. कधी रोठ्याच्या तलावावर, कधी पवनारकडे धामच्या काठाने, तर कधी नुसते पांदणीच्या वाटेने शेताशेतांतून. सोबत एक जुनी दुर्बीण असते आणि एक दोनशे पानी वही असते. दुर्बिणीसाठी मुलांची भांडणे होतात. वहीसाठी कोणी भांडत नाही. ह्या लेखाचा विषय मात्र ती वहीच आहे.

आम्ही तलावाच्या पाळीवर पोहोचतो तेव्हा पूर्वेला नुसता पांढुरकेपणा असतो. पाळीवर बोलायचे नाही, हा आमचा नियम. प्रथम टिटवी आम्हांला पाहते आणि साऱ्या तलावाला वर्दी देते. उजेड वाढतो तशी पाण्यावरची काळी ठिपक्यांची रांग सुटी होऊ लागते. कपाळावर पांढरा टिळा लावलेले वारकरी, चोचीला पिवळे टोक आणि कपाळाशी लाल ठिपका असलेली हळदीकुंकू बदके, फावड्यासारखी चोच पाण्यात फिरवीत जाणारे थापटे. हळदीकुंकू बदक आपले घरचे, ते राहते. थापटे आणि तलवार बदके उत्तरेची. एका रविवारी ती असतात, पुढच्या रविवारी नसतात. वसंत म्हणजे आगमनाचा ऋतू, अशी कवितांनी आपली समजूत करून दिली आहे. तलावावर वसंत हा पाठवणीचा ऋतू आहे.

परतीची वाट शेतांतून येते. गहू सोंगून झालेला असतो, हरभरा खळ्यात आलेला असतो, पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर रचलेल्या असतात. मोकळ्या झालेल्या रानावर एखादी कापशी घार एकाच जागी पंख हलवीत थांबते आणि उंदरावर नजर लावते. तिला हे नाव देणारा माणूस कापसाच्याच मुलखातला असला पाहिजे, असे मला नेहमी वाटते. पळस फुलला की त्यावर पळसमैनांचे थवे उतरतात. ह्याच पाखरांना ज्वारीच्या हंगामात आमचे शेतकरी भोरड्या म्हणत आणि मचाणावरून गोफणीने हाकलीत. सोयाबीन आल्यापासून ज्वारी मागे पडली, गोफणीही गेल्या. भोरड्या अजून येतात आणि चैत्रात मध्य आशियाच्या वाटेला लागतात. तारेवर नीलपंख बसलेला असतो. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात तो हाच. ऋग्वेदात त्याचे ‘चाष’ हे नाव आले आहे. काही वर्षांपूर्वी वर्ध्याच्या लोकांनी रीतसर मतदान घेऊन ह्याच पाखराला आपला नगरपक्षी निवडले. निवडणुकीत हरलेल्या पाखरांनी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

आता इतिहासाकडे वळू. आमच्या जिल्ह्याला इतिहासाची वाण नाही. १८६२ साली नागपूरपासून तोडून हा जिल्हा झाला. पुलगावजवळच्या कवठ्याला पहिले ठाणे होते; १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागेवर वर्धा शहर वसविण्यात आले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत गेली आणि हिंगणघाटचा कापूस मुंबईमार्गे विलायतेला जाऊ लागला. पुढे १९३४ मध्ये गांधीजी वर्ध्यास आले, १९३६ मध्ये शेगावला राहावयास गेले आणि त्या शेगावचे सेवाग्राम झाले. १९३७ च्या ऑक्टोबरात येथेच नयी तालीमची परिषद भरली. १४ जुलै १९४२ रोजी ‘छोडो भारत’चा ठराव काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्यातच मंजूर केला. ह्या सर्वांची नोंद आहे. परंतु त्याच वर्षांत ह्याच मातीवर कोणती पाखरे होती, कोणती गेली, कोणती नव्याने आली, हे विचारले तर उत्तर सहजी मिळत नाही.

ह्याचे कारण साधे आहे. ज्यांनी पाहिले त्यांनी लिहिले नाही आणि ज्यांनी लिहिले ते बहुतेक बंदूक घेऊन आले होते. गुराखी, कास्तकार, ढीवर, फासेपारधी ह्यांना पाखरांची जितकी माहिती होती तितकी कोणत्याही साहेबाला नव्हती. कोणता पक्षी कोणत्या महिन्यात कोणत्या नाल्यावर उतरतो, हे त्यांच्या बोटांवर होते. पण ते बोटांवरच राहिले. लिहिणारे होते ते कंपनीचे डॉक्टर, भूगर्भशास्त्रज्ञ आणि अधिकारी. डॉ. जर्डन ह्यांचा भारतीय पक्ष्यांवरील ग्रंथ १८६२ ते १८६४ ह्या वर्षांत, म्हणजे नेमका आमचा जिल्हा जन्मत असताना, प्रसिद्ध झाला. पुढे १९३५ मध्ये नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातील डी’अब्रू ह्यांनी मध्यप्रांतातील पक्ष्यांची यादी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापली. सलीम अलींचे भारतीय पक्ष्यांचे पुस्तक १९४१ चे. मराठीत मारुती चितमपल्लींनी ही विद्या घरोघर नेली. शाळांतून आता ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात, तो चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंतचा आहे.

ह्या लिहिणाऱ्यांतील एका गृहस्थाची हकीकत मी मुलांना दर वर्षी सांगतो. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव आपण शाळेत काँग्रेसचे संस्थापक म्हणून पाठ करतो. परंतु त्यांचे पहिले वेड पाखरांचे होते. सरकारी नोकरीत राहून त्यांनी देशभर माणसे कामाला लावली, कातडी आणि अंडी जमविली, पक्ष्यांचे एक नियतकालिकही काढले. हिंदुस्थानच्या पक्ष्यांवर एक सर्वांगपूर्ण ग्रंथ लिहावा म्हणून वर्षानुवर्षे टिपणे केली. एका हिवाळ्यात ते सिमल्याच्या घरापासून दूर होते. परत येऊन पाहतात तो नोकराने ती सर्व टिपणे बाजारात रद्दीच्या भावाने विकलेली! ह्यूम ह्यांचे मन त्या विषयातून उडाले. पाऊण लाखाहून अधिक नमुन्यांचा संग्रह त्यांनी १८८५ मध्ये ब्रिटिश म्यूझियमला देऊन टाकला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस काँग्रेसची स्थापना झाली. ती रद्दी विकली गेली नसती तर काय झाले असते, हा प्रश्न कादंबरीकाराचा आहे, इतिहासकाराचा नव्हे. म्हणून तो येथेच सोडतो. सिमल्याच्या बाजारात त्या कागदांत काय काय बांधून गेले असेल, एवढा विचार मात्र मनातून जात नाही.

दुसरी हकीकत खोट्या नोंदीची आहे. रानपिंगळा नावाचे एक लहानसे घुबड १८७२ मध्ये प्रथम मिळाले आणि ह्यूम ह्यांनीच १८७३ मध्ये त्याचे शास्त्रीय नामकरण केले. १८८४ नंतर ते कोणाला दिसले नाही. पण मायनर्ट्‌झहागन नावाच्या एका नामांकित इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने, आपण १९१४ मध्ये गुजरातेत हा पक्षी मिळविला, असा दावा करून नमुना दाखविला होता. शोधणारे त्या पत्त्यावर जात आणि हात हलवीत परत येत. पुढे पामेला रासमुसेन ह्यांनी बारकाईने तपास केला तेव्हा उघड झाले की तो नमुना म्यूझियममधूनच चोरलेला, पुन्हा शिवलेला आणि नवी चिठ्ठी लावलेला होता. ती चिठ्ठी बाजूला ठेवून त्या व त्यांचे सहकारी जुन्या, खऱ्या नोंदींच्या मागावर निघाले, आणि १९९७ च्या नोव्हेंबरात खानदेशात शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा भरदिवसा झाडावर बसलेला दिसला. मधली ११३ वर्षे लोक त्याला संपला समजत होते. हरवलेल्या नोंदीने जेवढे नुकसान होते त्याहून अधिक खोट्या नोंदीने होते, असे ही हकीकत सांगताना मी मुलांना बजावीत असे.

बजावीत असे, असे म्हणतो, कारण पुढे जे घडले ते माझ्याच हातून घडले.

एका वर्षी आमच्या वहीवरून यादी करून ती एका ठिकाणी पाठवावयाची होती. रात्री दिवा लावून मी ती उतरून काढीत होतो. बदके झाली, बगळे झाले, घारी झाल्या. पुढचा रकाना गिधाडांचा होता आणि तो रिकामा होता. तो रिकामा रकाना मला पाहवेना. माझ्या लहानपणी गावाबाहेर मेलेली ढोरे टाकण्याची एक जागा होती. बैल मेला आणि तेथे नेऊन टाकला की तासाभरात आभाळातून गिधाडे उतरत. आम्ही मुले लांब बाभळीआड उभे राहून त्यांची भांडणे पाहत असू. आज ना उद्या दिसतीलच, कोठे तरी असतीलच, असे मनाशी म्हणत मी त्या रकान्यात ‘२’ हा आकडा लिहिला.

दुसऱ्या दिवशी यादी मुलांना वाचून दाखविली. सातवीतला एक मुलगा, ज्याच्या घरी शेळ्या आहेत आणि जो एकाही रविवारी चुकला नव्हता, तो उभा राहिला.

“गुर्जी, हे दोन गिधाडं कवा दिसले जी? मले त नाई दिसले.”

मी म्हणालो, “अरे, मी लहानपणी पुष्कळ पाहिली आहेत.”

त्याने क्षणभर विचार केला आणि अगदी सरळपणाने म्हणाला, “मंग ते लहानपनच्या वहीत लिवा ना जी.”

वर्गात कोणी हसले नाही. लहानपणची वही मजजवळ नव्हती. मी तो आकडा सर्वांसमोर खोडला. चुकलो, असेही म्हणालो. पण ते म्हणायला मला जरा वेळ लागला, हे येथे कबूल केले पाहिजे.

गिधाडे का गेली हे आता सर्वांना ठाऊक आहे. ढोरांच्या दुखण्यावर डायक्लोफिनॅक नावाचे औषध देत. असे ढोर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. २००३-०४ च्या सुमारास पाकिस्तानातील संशोधनाने ही गोष्ट सिद्ध झाली आणि २००६ मध्ये आपल्याकडे जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडे देशात शंभरांतून एकही धड उरली नव्हती. परंतु ती कमी होत आहेत हे प्रथम कसे कळले? भरतपूरच्या अभयारण्यात विभू प्रकाश ह्यांनी १९८० नंतरच्या दशकात गिधाडांची घरटी मोजून ठेवली होती. तेव्हा ती इतकी सर्वसामान्य होती की मोजणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढले असते. दहाएक वर्षांनी त्यांनी पुन्हा मोजले तेव्हा घट आकड्यांनी सिद्ध झाली. त्यांच्याजवळ ती पहिली वही नसती तर ‘पूर्वी पुष्कळ असत बुवा’ असे म्हणण्यापलीकडे कोणाच्या हाती काही नव्हते. आमच्या जिल्ह्यात आम्ही नेमके तेवढेच म्हणत बसलो आहो. नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी मेलेल्या ढोरांच्या कातड्यांचे चर्मालय चालविले. त्या कामाचा इतिहास लिहिला गेला. गावोगावच्या गिधाडांचा हिशेब मात्र कोणी ठेवला नाही. दोष कोणाला द्यावा? बाभळीआड मीही उभा होतो, आणि मला लिहिता येत होते.

त्या दिवसापासून आम्ही दोन वह्या केल्या आहेत. पहिलीत फक्त डोळ्यांनी पाहिलेले, त्याच दिवशी, तारीख, वेळ आणि पाहणाऱ्याच्या नावासह लिहावयाचे. दुसरी वही आठवणींची. मुले आपापल्या आजोबा-आजींकडून ऐकून आणतात: माळढोक कोठे दिसे, गिधाडे कोणत्या झाडावर बसत, करकोचे कोणत्या महिन्यात आभाळातून ओरडत जात. सांगणाऱ्याचे नाव, सांगितल्याची तारीख, आणि शंका असेल तर शेजारी शंकेची खूण. एका आजीने सांगितले की गिधाडे नाहीशी झाली त्या साली तिच्या लेकीचे लग्न होते. असे एक साल पक्के सापडले तरी मला खजिना मिळाल्यासारखे वाटते. आता मोबाईलवरही नोंदी करता येतात, त्या जगभर पोहोचतात, आणि मोठी मुले ते काम माझ्याहून चांगले करतात. पण कागदाची वही मी सोडलेली नाही. ती शाळेच्या कपाटात असते, आणि कपाटावर ‘रद्दी नव्हे’ अशी चिठ्ठी आहे.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. शास्त्रज्ञ होण्याचे माझे वय नाही आणि कुवतही नाही. मी कादंबऱ्या लिहितो. तेथे नसलेली माणसे उभी करणे हाच धंदा. पण पहिल्या वहीला तो धंदा चालत नाही, हे मला त्या शेळ्यावाल्या मुलाने शिकविले. यंदाच्या चैत्रात शेवटचे थापटे दिसले त्या रविवारी वही त्याच्याच हाती होती. त्याने सावकाश, वळणदार अक्षरात सगळे रकाने भरले: वारकरी, हळदीकुंकू बदक, शेकाट्या, टिटवी. गिधाडांच्या रकान्याशी येऊन तो थांबला, एकदा साऱ्या आभाळावरून नजर फिरवली, आणि मग लिहिले: “दिसले नाही.”

मी खाली सही केली. ऊन चढू लागले होते.