उंच गाडी की ऐसपैस गाडी?

यवतमाळ जिल्ह्यात कुटुंबासाठी सात आसनी वाहन घेताना एसयूव्ही आणि एमपीव्ही, म्हणजेच मिनी व्हॅन, असे दोन पर्याय समोर येतात. २००० साली आलेली महिंद्राची बोलेरो पहिल्या प्रकारची, तर २०१२ मध्ये आलेली मारुतीची एर्टिगा दुसऱ्या प्रकारची परिचित उदाहरणे होत.

रचना : बोलेरो शिडीच्या आकाराच्या पोलादी चौकटीवर उभी असून इंजिनाची शक्ती मागील चाकांना मिळते. त्यामुळे खड्डे आणि ओझे ती सहज सोसते. एर्टिगाचा सांगाडा एकसंध असून पुढील चाके गाडी ओढतात. परिणामी वजन कमी राहते, इंधन वाचते आणि वळणावर गाडी कमी कलते.

जागा : बोलेरोच्या शेवटच्या दोन आसनांवर आडवे बसावे लागते. एर्टिगाच्या तिसऱ्या रांगेतील प्रवासी समोर तोंड करून बसतात. मात्र ही रांग भरली की सामानाला २०९ लिटरच जागा उरते. सीएनजीची टाकी असल्यास तीही घटते.

निवड : वृद्धांना उपचारांसाठी नागपूर किंवा सावंगी मेघे येथे वरचेवर न्यावे लागणाऱ्या कुटुंबांना एमपीव्ही अधिक सुखाची ठरते. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदण रस्त्याने रोज शेतावर जाणाऱ्यांना बोलेरो उपयोगी पडते. तथापि उंच गाडी म्हणजे फोर व्हील ड्राइव्ह नव्हे. दोनच चाकांना शक्ती मिळणारी एसयूव्हीही चिखलात रुतते. म्हणून वर्षातील किती दिवस डांबरी रस्त्यावर आणि किती पांदणीवर जातात, याचा हिशेब आधी मांडावा.