गटचाचणी : मोजक्या तपासण्यांत दोषाचा शोध

मोठ्या संख्येतील थोड्या सदोष वस्तू किंवा बाधित व्यक्ती ओळखण्यासाठी अनेक नमुने एकत्र तपासण्याच्या पद्धतीस गटचाचणी म्हणतात. गट निर्दोष आढळल्यास त्यातील सर्व घटक एकाच तपासणीत निर्दोष ठरतात.

उदाहरणार्थ, उज्जैन येथे क्षिप्रेकाठी रामघाटावर उत्सवासाठी ६४ दिव्यांची एकसर जोडणीची माळ लावली. पण त्यातील एकच दिवा निकामी असल्याने ती पेटेना, असे समजू. एकेक दिवा तपासल्यास ६३ तपासण्या लागू शकतात. त्याऐवजी अर्ध्या माळेतून वीजप्रवाह वाहतो का, हे पाहिल्यास दोष कोणत्या अर्ध्यात आहे ते कळते. सदोष भाग पुनःपुन्हा निम्मा करीत गेल्यास सहा तपासण्यांत तो दिवा सापडतो.

या पद्धतीची गणिती मांडणी अमेरिकेतील रॉबर्ट डॉर्फमन यांनी १९४३ मध्ये केली. सैन्यभरतीच्या वेळी उपदंशासाठी होणाऱ्या रक्ततपासण्या कमी करणे, हा तिचा हेतू होता. प्रत्येक गटाचे मिश्र रक्त आधी तपासावे आणि दोष आढळलेल्या गटातीलच व्यक्तींची स्वतंत्र तपासणी करावी, अशी ही द्विस्तरीय योजना होती. बाधितांचे प्रमाण एक टक्का असल्यास दहाच्या गटांनी एक हजार व्यक्तींसाठी सरासरी सुमारे १९६ तपासण्या पुरतात.

कोरोनाच्या साथीत चाचणीसंचांचा तुटवडा भासू लागला, तेव्हा या पद्धतीचे महत्त्व भारतातही जाणवले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने एप्रिल २०२० मध्ये बाधितांचे प्रमाण दोन टक्क्यांहून कमी असलेल्या भागांत कमाल पाच नमुने एकत्र तपासण्याची शिफारस केली. मुंबई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांचा सहभाग असलेल्या ‘टॅपेस्ट्री’ पद्धतीत प्रत्येक नमुना अनेक गटांत विभागला जातो. त्यामुळे दुसऱ्या फेरीची गरज न पडता बाधित नमुने गणिताने ओळखता येतात. तिच्या एका रचनेत १०५ नमुन्यांसाठी ४५ तपासण्या योजलेल्या आहेत.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. अनेक नमुने मिसळल्याने विषाणूचे प्रमाण विरळ होऊन बाधित व्यक्ती निसटू शकते. तसेच बाधितांचे प्रमाण वाढले, की बहुतेक गट सदोष ठरतात. हे प्रमाण सुमारे ३१ टक्क्यांपलीकडे गेल्यास डॉर्फमन यांच्या योजनेपेक्षा एकेक नमुना तपासणेच स्वस्त पडते. म्हणून गटाचा आकार ठरविण्यापूर्वी दोषाच्या प्रमाणाचा अंदाज घेणे अनिवार्य ठरते.