दख्खनचा चोर

औंढ्याला आलेला भाविक नागनाथाच्या देवळाभोवतीच्या कोरीव मूर्ती पाहतो आणि खाली उतरून गाभाऱ्यात पिंडीचे दर्शन घेतो. मूर्ती यादवकालीन म्हटले की आमचे इतिहासप्रेम तृप्त होते. पण आमच्या मुलखातला काळा पाषाण स्वतः केवढा जुना! सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भुईच्या भेगांतून लाव्हा उसळला, निवाला, पुन्हा उसळला. मधल्या उसंतीत तळी साचत, झाडे वाढत, बेडूक-गोगलगायी नांदत. पुढच्या लोटाखाली सारे गाडले जाई.

असल्या गाडलेल्या चिखलातले शंख आणि बिया एकोणिसाव्या शतकात नागपूरचे पाद्री स्टीफन हिस्लॉप यांनी धुंडाळल्या. १८६३ साली टाकळघाटच्या शिलावर्तुळांकडून परतताना ते ओढ्याच्या पुरात बुडाले. १९८८ साली गुंटुपल्ली प्रसाद आणि अशोक साहनी यांनी विकाराबादजवळच्या नस्कल गावच्या (तेही औंढ्याप्रमाणेच पूर्वी निजामाच्या राज्यातले) तशाच थरातून मिळालेले एका सस्तन प्राण्याचे इवलेसे दात जगापुढे मांडले. नाव ठेवले डेक्कनोलेस्टीस हिस्लॉपी. दख्खनचा चोर, हिस्लॉपचा. चोरले काय असेल? फार तर किडे.

पुढे घोट्याची हाडे मिळाली. पाऊल वळवून झाडावर चढणाऱ्याचा तो घोटा. २०१० साली कोपराची हाडेही तेच सांगू लागली, आणि वानर-मानवाच्या कुळाचा मूळपुरुष दख्खनच्याच झाडांवर होता की काय, अशी आशा बळावली. आम्हां मराठ्यांना आणखी काय हवे! आमच्या बखरी राजाला सूर्यापर्यंत नेऊन भिडवतात; येथे तर हाडांचा पुरावा होता.

पण २०११ साली संशोधकांनीच, ज्यांत प्रसादही होते, सारी हाडे पुन्हा ताडून हा दावा मोडीत काढला. प्राणी झाडावरचा खरा, पण आपल्या कुळाचा नव्हे. त्याहून कितीतरी जुन्या फांदीचा. वंशावळीतला एवढा मोठा मान असा हातचा सोडणारा बखरकार माझ्या वाचनात नाही.

खरे वानरकुळी प्राणी सापडले ते सुरत जिल्ह्यात, वस्तानच्या लिग्नाइटच्या खाणीत. त्यांतल्या एकाला २००७ साली एशियाडापिस हे नाव मिळाले. ते सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचे, चोरानंतर एक कोटीहून अधिक वर्षांनी आलेले. तोवर दख्खनचा लाव्हा केव्हाच निवला होता.