निरोगी बाईची तपासणी

कारध्याला, वैनगंगेच्या काठी माझी आपा राहते. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. मागे कुणीतरी तिच्या हाती एका तपासणी-पॅकेजचं पत्रक दिलं. रक्ताची सीए-१२५ तपासणी आणि सोनोग्राफी. अंडाशयाचा कर्करोग म्हणे आधीच कळतो. तिला काही दुखत-खुपत नव्हतं. ‘‘करून घेऊ का रे?’’ तिनं विचारलं. मी पडलो बी.ए. झालेला कवी. तरी वाचायला बसलो.

श्रोतेहो, अशा प्रश्नाचं उत्तर कसं शोधतात, हे आपल्याच मुलखात पाहायला मिळतं. १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयानं ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायांचा अभ्यास सुरू केला. गावांचे चार भाग पाडले. एकात एचपीव्ही विषाणूची तपासणी, दोघांत निराळ्या तपासण्या, चौथ्यात काहीच नाही. आठ वर्षांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू मोजले. एचपीव्हीच्या ३४,१२६ बायांत ३४, बिनतपासणीच्या ३१,४८८ बायांत ६४. उरलेल्या दोन तपासण्यांनी मृत्यू लक्षणीय घटले नाहीत. त्या चौथ्या भागातल्या बाया मला आजही टोचतात. पण त्यांच्याशिवाय ३४ हा आकडा कमी की जास्त, हे कळलंच नसतं.

अंडाशयासाठी असाच हिशेब ब्रिटनमध्ये झाला. २००१ पासून ५० ते ७४ वयाच्या दोन लाखांहून अधिक बाया त्यात घेतल्या. दरवर्षी सीए-१२५ तपासलेल्या गटात पहिल्या टप्प्यातले कर्करोग खरोखरच जास्त सापडले. मृत्यू मात्र घटले नाहीत. २०२१ साली हे जाहीर झालं. गर्भाशयमुखावर कर्करोगाआधीचे बदल वर्षानुवर्षं दिसतात, तेव्हाच उपचार करता येतात. अंडाशय पोटात खोल. शिवाय सीए-१२५ पाळीच्या दिवसांत किंवा गर्भाशयातल्या साध्या गाठींनीही वाढतं. अमेरिकेतल्या अशाच अभ्यासाचा निकाल २०११ साली आला. तिथं कर्करोग नसलेल्या १,०८० बायांवर शस्त्रक्रिया झाली. त्यांतल्या १६३ जणींना त्यातून गंभीर त्रास झाला. चांगल्या बायांचं पोट फाडलं हो!

आपाला एवढंच सांगितलं, की पोट सारखं फुगत असेल, चार घासांतच भरत असेल, किंवा घरात आई-बहिणीला हा रोग झाला असेल, तर गोष्ट वेगळी; डॉक्टरांकडे लगेच जायचं. तिचं तसं काही नव्हतं. पत्रक तिनं चुलीत घातलं.

मग म्हणाली, ‘‘अन् ती धाराशिववाली तपासणी? ती कुठं होते रे?’’